दारावरची माणसं

प्लोव्हदिव
रविवार, २ सप्टेंबर २००१

प्रिय आई,
आणि हे पत्र वाचून दाखवणारी माझी बिल्याना,

तुझे हात डोळ्यांना लावतो. डोळ्यांतलं औषध रोज घालतेस ना? अक्षरं मुद्दाम मोठी आणि सुटी काढली आहेत, म्हणजे बिल्यानाला वाचताना अडखळायला नको. बिल्याना, एखादा शब्द अडला तर थांब, पुन्हा बघ, मग म्हण. अंदाजाने काहीतरी म्हणून पुढे जायचं नाही.

मी बरा आहे. कारखान्यात सध्या मिरच्यांचे दिवस आहेत. ट्रकच्या ट्रक लाल मिरच्या येतात, त्या भाजायच्या, सोलायच्या, चटणी करून बरण्यांत भरायची. हाताला इतका वास बसलाय की पाव खाल्ला तरी मिरची खाल्ल्यासारखं वाटतं. माझ्या जोडीला वान्गेल नावाचा माणूस आहे, वयाने मोठा. मी बरण्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ रेषेत लावतो म्हणून तो मला 'प्रोफेसर' म्हणतो. सातवीत शाळा सोडली हे त्याला सांगितलेलं नाही.

आता घराविषयी. दर रविवारी बघतोय. तीन ठिकाणं पाहिली.

पहिलं ट्राकियात. तिथे सगळे उंच ब्लॉक, एकासारखा एक. आठव्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, गरम पाणी चांगलं, शाळा समोरच. पण आई, लिफ्ट महिनाभर बंद आहे आणि खिडकीजवळ उभं राहिलं की वारा भिंतीतून आल्यासारखा लागतो. तुझ्या सुनेचं, झ्लाटकाचं म्हणणं, उंचावर राहिलं की खालचं जग आपलं वाटत नाही. मलाही ते पटलं.

दुसरं कारखान्याजवळ. वान्गेल म्हणाला, "तिथेच घे. बसचा त्रास नाही, उठलास की कामावर." पण ती जागा म्हणजे गॅरेजला खिडकी पाडलेली आहे.

तिसरं नदीपलीकडे, कार्शियाकात. लिंडेनची झाडं, फरशा स्वच्छ, स्वयंपाकघरात ऊन. मला फार आवडलं. मालकीणबाईंनी विचारलं, "माणसं किती?" मी म्हटलं, आई, मुलगी, आम्ही दोघं. त्या म्हणाल्या, "आई म्हातारी आहे का?" मी म्हटलं, साठीची आहे, शेळीच्या मागे डोंगर चढते. त्या म्हणाल्या, "डोंगर चढणाऱ्यांना जिन्याची सवय नसते. आणि म्हातारी माणसं भाड्याच्या घरात मरतात, मग मागून भाडेकरू मिळत नाही." मी टोपी घातली आणि आलो.

तेव्हापासून मी माझ्या पद्धतीने बघतो. आपल्याकडे फाटकावर आणि दुकानाच्या खांबावर काळ्या चौकटीचे कागद लागतात ना, फोटो, नाव आणि 'चाळीस दिवस झाले', 'वर्ष झालं' असं लिहिलेले, तसे इथेही प्रत्येक जिन्याच्या दारावर लागतात. मी ते वाचतो. ज्या दारावर फक्त ताजे, आठवड्यातले कागद, तिथली माणसं पुरून मोकळी होतात. ज्या दारावर 'पाच वर्षं झाली', 'दहा वर्षं झाली' असे कागद असतात, तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत असणार. आपण अशाच दारामागे राहायचं. तुला तिथे करमेल.

शाळा सतरा तारखेला सुरू. बिल्याना आता बसने खालच्या गावी जाणार. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बस. नाताळापर्यंत तू इथल्या शाळेत असशील.

झ्लाटकाचाही नमस्कार.

तुमचे,
नेदेल्चो आणि झ्लाटका


प्लोव्हदिव
रविवार, ३० सप्टेंबर २००१

प्रिय आई, प्रिय बिल्याना,

पत्र मिळालं. अक्षर बिल्यानाचं आणि बोलणं तुझं, हे पहिल्या ओळीलाच कळलं. 'तुझ्या बापाला तिथे कोणतं कुत्रं ओळखतं?' हे वाक्य आठ वर्षांच्या मुलीकडून लिहून घ्यायचं म्हणजे तुझी कमाल आहे. 'कुत्रं' तिने शुद्ध लिहिलंय, शाबास.

आई, तुझं म्हणणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाबांना जाऊन ऑक्टोबरात सहा महिने होतील, अर्ध्या वर्षाचा कागद लावायचा आहे, मग वर्षाचा. तू म्हणतेस की तो कागद गावातच लागला पाहिजे, कारण तिथे येणारा-जाणारा थांबतो आणि म्हणतो, 'अरे, स्तोइमेन, शाळेचा शिपाई, देव त्याला क्षमा करो.' शहरात लावला तर लोक नळ दुरुस्तीची जाहिरात समजून पुढे जातील. म्हणून तू येणार नाहीस. तुझं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण शाळा बंद झाली, दुकान आठवड्यातून दोन दिवस उघडतं, आणि थांबून वाचणारे तरी आता किती राहिले, हे तूच सांग. हिवाळ्यात बस येत नाही तेव्हा तू आणि ती पोर काय करणार?

बरं, रागावू नकोस. बातमी सांगतो. घर मिळालं.

ही वस्ती स्टेशनच्या पलीकडे आहे. नाव 'क्युच्युक पॅरिझ', म्हणजे धाकटं पॅरिस. तसं त्यात पॅरिससारखं काही नाही. तीन मजली जुनी इमारत, पुढे द्राक्षांचा वेल, खाली एक बाक. पण दार बघायला हवं होतंस. दोन्ही फळ्या कागदांनी भरलेल्या. 'तीन वर्षं झाली', 'नऊ वर्षं झाली', एक तर 'वीस वर्षं झाली, आठवण ताजी'. कडा कुठेही निघालेल्या नाहीत, फोटोंवर धूळ नाही, आणि वर कोपऱ्यात हिरवी डहाळी खोचलेली. मी बराच वेळ उभा राहून सगळी नावं वाचली. मला वाटलं, जिथे मेलेल्यांना इतकं जपतात तिथे जिवंतांना काय कमी.

वान्गेल सोबत आला होता. त्याने आत जाऊन नळ उघडले, खिडक्या आपटून पाहिल्या, आणि बाहेर येऊन म्हणाला, "प्रोफेसर, लोक घर घेताना छप्पर गळतं का बघतात. तू मेलेल्यांची हजेरी घेतोस. नळाला पाणी करंगळीएवढं आहे."

मी म्हटलं, "करंगळीएवढं पुरतं."

"बायकोला विचारलंस?"

मी म्हटलं, तिला पसंत पडेल.

किल्ली मिळाली आहे. पुढच्या रविवारी सामान हलवतो. दुसरा मजला आहे आई, जिना रुंद आणि कठडा लाकडी. तुझ्या खोलीच्या खिडकीतून बाक दिसतो.

बिल्याना, तू शेवटी आपल्या मनाने एक ओळ लिहिली आहेस, 'आई कुठल्या रंगाचे पडदे घेणार?' पडद्यांचं अजून ठरलेलं नाही. तू आलीस की तूच ठरव. तुझी खोली आजीबरोबर. शाळा दोन गल्ल्या सोडून आहे, मी चालत जाऊन आलो. वाटेत एकच मोठा रस्ता लागतो आणि तिथे दिवा आहे.

आई, एक मागणं आहे. बाबांचे कागद छापून आणशील तेव्हा एक मला पाठव. गावात तर तू लावशीलच. एक इथेही असू दे.

तुमचे,
नेदेल्चो
(झ्लाटका आत्ता इथे नाही, तिचाही नमस्कार समजावा.)


प्लोव्हदिव, क्युच्युक पॅरिझ
रविवार, २१ ऑक्टोबर २००१

प्रिय आई,

हे पत्र बिल्यानाकडून वाचून घेऊ नकोस. म्हणूनच ते मी रादाबाईंच्या नावावर पाठवलं आहे. त्या शाळेत शिकवायच्या तेव्हाही घरच्या गोष्टी पोटात ठेवायच्या, आताही ठेवतील. रादाबाई, नमस्कार. चुका असतील तर मनात दुरुस्त करा आणि पुढे वाचा. आईला खुर्चीत बसवा. कुणी मेलेलं नाही, हे आधी सांगा.

बिल्यानासाठी वेगळा कागद आत आहे, मोठ्या अक्षरातला. त्यात फक्त शाळेचं आणि एका मांजराचं लिहिलं आहे.

आई, तुझं पुडकं बसच्या ड्रायव्हरकडून मिळालं. अक्रोड एकही किडका नाही. आणि बरणीभोवती गुंडाळलेला बाबांचा कागद. त्याच्या मागे तू बिल्यानाकडून लिहून घेतलंस, 'वाया घालवायचा तर घालव.' पण इतका घट्ट आणि नीट गुंडाळला होतास की एक घडी पडली नव्हती.

आधी घराचं सांगतो.

सामान हलवलं त्या दिवशी जिन्यात कुणी भेटलं नाही. मला वाटलं, रविवार आहे, लोक नातेवाइकांकडे गेले असतील. मंगळवारी संध्याकाळी कामावरून आलो तर सगळ्या इमारतीत एकच खिडकी उजळलेली, तळमजल्यावरची. बुधवारीही तेच. तू बाहेरगावाहून येताना शेजाऱ्यांना द्यायला काहीतरी आणतेस तशी मी कारखान्यातून चटणीची एकेक बरणी आणली होती, प्रत्येक दारासाठी. दारं वाजवली. एकही उघडलं नाही. एका दाराच्या फटीत तर जुनी वर्तमानपत्रं होती, पिवळी पडलेली.

शेवटी तळमजल्यावरचं दार वाजवलं. एक आजी बाहेर आली. ठेंगणी, डोक्याला रुमाल, हातात पिठाची खळ लागलेला ब्रश. तिचं नाव केराना.

"वीज कंपनीचा का?"

"नाही आजी. वरचा नवा भाडेकरू."

"भाडेकरू? इथे?" तिने मला खालून वर पाहिलं. "तुला कुणी फसवलं, बाळा?"

मी म्हटलं, कुणी फसवलं नाही, मी दार बघून घेतलं. आणि शेजारी कधी भेटतील ते विचारलं.

"कुठले शेजारी?"

"दारावर ज्यांचे कागद आहेत त्यांची माणसं."

ती हसली. दातांवर हात धरून हसली, कारण पुढचे दोन नव्हते. "दारावरचेच माझे शेजारी. त्यांची माणसं म्हणशील, तर वरच्याची मुलगी स्पेनमध्ये, समोरच्याचे दोघे जर्मनीत, टोकाच्या खोलीतल्या मास्तरांना कुणी नव्हतंच."

"मग हे कागद कोण लावतं?"

तिने ब्रश वर करून दाखवला.

मुलं कधी पैसे पाठवतात, कधी विसरतात. ही कोपऱ्यावरच्या दुकानातून कागद छापून आणते, पीठ कालवते आणि लावते. पावसाने कड निघाली की पुन्हा लावते. फोटो ओल्या फडक्याने पुसते. मी ज्या दारामागे माणसांनी भरलेलं घर पाहिलं, त्यामागे एकच म्हातारी होती. वान्गेलला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मला तुझा फार राग आला. का ते कळत नाही. तू बरोबर होतीस म्हणून असेल.

आता दुसरी गोष्ट. ही मी लिहीत नव्हतो.

झ्लाटका इथे नाही. ती इटलीत आहे, बारी नावाच्या शहरात, एका लकवा झालेल्या बाईची सेवा करते. ऑगस्टच्या शेवटी गेली. मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ती गेलेली होती.

तो नमस्कार सोडला तर मी तिच्या नावाने खोटं लिहिलं नाही. उंचावर राहिलं की खालचं जग आपलं वाटत नाही, हे ती खरंच म्हणाली होती. ट्राकियातली ती जागा आम्ही दोघांनी मिळून पाहिली. खिडकीपाशी उभी राहून ती हे म्हणाली, आणि मग म्हणाली, "नेदेल्चो, आपण एक पोकळ खोली सोडून दुसरी घेणार आहोत." मला वाटलं ती वाऱ्याबद्दल बोलते आहे. चार दिवसांनी तिने सांगितलं की एजंटकडे नाव दिलं आहे.

इटलीची बस रेल्वे स्टेशनच्या मागून सुटली. सगळ्या बायकाच होत्या, प्रत्येकीची एक बॅग. कुणी रडत नव्हतं. झ्लाटका म्हणाली, "तू घर बघ. पडद्यांसाठी थांबू नकोस." मी तिला विचारलं, पाण्याची बाटली घेतलीस का. इतकंच विचारलं. किती दिवसांसाठी, हे विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. नंतर एकदा कारखान्याच्या फाटकावरच्या फोनवर तिचा फोन आला. म्हणाली, खिडकीतून समुद्र दिसतो. मागे कुणीतरी इटालियनमध्ये हाक मारत होतं आणि ती त्या हाकेला ओ देऊन मग माझ्याशी बोलत होती. बिल्यानाला काय सांगू, विचारलं. ती म्हणाली, "मीच लिहीन." अजून लिहिलेलं नाही.

तुला आधी का सांगितलं नाही? एक तर पत्र बिल्याना वाचते. दुसरं म्हणजे तू म्हणाली असतीस, 'मी लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं.' पण खरं कारण तिसरंच आहे. घरात बाई नाही असं कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी शेळी विकून आली असतीस. पोराचं हसं होऊ नये म्हणून. बाबांना तिथे टाकून आल्यासारखं तुला वाटलं असतं आणि ते तू कधी बोलली नसतीस. मला तसं नको होतं. तुला यावंसं वाटावं असं घर आधी शोधायचं आणि मग सांगायचं, असं ठरवलं होतं. आणि शोधलं हे.

काल बाबांना सहा महिने झाले. तू गावात फाटकावर लावला असशील, दुकानाच्या खांबावर, आणि बंद शाळेच्या दारावर. मी सुटी घेतली. कागद घेऊन खाली गेलो तर केराना आजी बाकावर मिरच्या सोलत बसली होती. म्हणाली, "खळ तयार आहे. कोणाचा?"

"बाबांचा."

तिने चष्मा लावला, कागद लांब धरला आणि पूर्ण वाचला, खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत. मग म्हणाली, "चांगला माणूस दिसतो. इथे कुणी ओळखतं का याला?"

"कुणी नाही."

"मग लावायच्या आधी सांग. उद्या कुणी विचारलं, हा कोण, तर मला बोलता यायला हवं. मी काय कागदच चिकटवत राहू?"

मी तिच्याशेजारी बसलो. मग सांगायला लागलो. बाबा अंधार असतानाच जाऊन वर्गातल्या शेगड्या पेटवायचे. मुलांचे ओले हातमोजे शेगडीभोवती दोरीवर वाळत घालायचे आणि कुणाचा कोणता हे कधी चुकायचे नाहीत. मी शाळा सोडली तेव्हा रागावले नाहीत. फक्त संध्याकाळी वर्गांतले फळे पुसायला मला बरोबर न्यायचे आणि म्हणायचे, पुसायच्या आधी वाच. माझं शुद्धलेखन तिथलं आहे, रादाबाई, हे तुम्हाला तरी ठाऊक असेल. आणि बर्फाचं सांगितलं. बर्फ पडला की बाबा घंटा उशिरा वाजवायचे, वरच्या वाडीची मुलं दाराशी पोचेपर्यंत. हेडमास्तर घड्याळ दाखवायचे आणि बाबा म्हणायचे, थंडीने दोर आखडलाय साहेब.

आजी म्हणाली, "दोर आखडलाय," आणि पुन्हा तोंडावर हात धरला.

मग तिने विचारलं, "आणि बायको?"

आई, तोपर्यंत मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. वान्गेललाही नाही. मी म्हटलं, "इटलीत आहे."

तिने मिरची सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "उद्या मी देवळात जाणार आहे. मेणबत्त्या लावीन, मेलेल्यांसाठी खाली वाळूत, जिवंतांसाठी वर. निघून गेलेल्या माणसाचं मला नेहमी विचारावं लागतं. हिची कुठे लावू?"

मी म्हटलं, "वर, आजी. वर लाव."

"वर तर वर. नाव सांग."

मग आम्ही बाबांना लावलं. मास्तरांच्या शेजारी जागा होती. आजी म्हणाली, दोघं शाळेतलेच आहेत, पटेल त्यांचं.

आज सकाळी मी पाव आणायला उतरलो. दारात एक बाई उभी होती, पिशवी घेऊन, गल्लीतलीच कुणी असेल. बाबांच्या फोटोकडे बघून तिने विचारलं, "हा नवा कोण?" आणि आजी आतून खिडकीतूनच म्हणाली, "स्तोइमेन. डोंगरातल्या शाळेचा शिपाई. बर्फ पडला की घंटा उशिरा वाजवायचा, पोरांसाठी. काय तर म्हणे, दोर आखडला." ती बाई म्हणाली, "देव त्याला क्षमा करो," आणि गेली.

मी जिन्यात उभा होतो. बाहेर आलो नाही.

आई, हे घर मी चुकून निवडलं. इथे माणसं नाहीत, पाणी करंगळीएवढं येतं, आणि संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर एकट्याच्या चपलांचा आवाज इतका होतो की मी मोजे घालून चालतो. ये असं मी आता म्हणत नाही. तुला सगळं माहीत झालं आहे, आता तू ठरव. हिवाळा गावात काढायचा असेल तर मी बस बंद होण्याआधी येऊन लाकडं फोडून जाईन. बिल्यानाला तिच्या आईचं तूच सांगशील की मी येईपर्यंत थांबशील, तेही तुझ्यावर. पण यायचं ठरवलंस तर बाबांना ओळखणारं एक माणूस इथे आहे, एवढं लक्षात ठेव. कालपर्यंत नव्हतं.

घराच्या दारावर नावांची पाटी लावली आहे. पुठ्ठ्याची आहे, पण अक्षरं सरळ आहेत. तुझं नाव वर, मग माझं, मग झ्लाटका, मग बिल्याना. आजी म्हणाली, राहतोस एकटा आणि पाटी चौघांची. मी म्हटलं, असू दे. झ्लाटकाच्या नावाशी हात थांबला होता, पण लिहिलं. ते राहू द्यायचं की नाही, हे तू दारासमोर उभी राहून सांगशील तेव्हा बघू.

आजवरची दोन्ही पत्रं मी तिचं नाव घालून संपवली. हे पत्र एकट्याचं आहे.

तुझा
नेदेल्चो